सुई टोचल्यावरची भाकरी

माझ्या लहानपणी आमच्या मजल्यावर सकाळी पोटभर खाऊन शाळेत जाणारी मुलगी मी एकटीच होते, आणि त्याचा मला भयंकर राग यायचा. लालबागमधली आमची चाळ गिरणीच्या भिंतीला जवळजवळ टेकलेली होती. पहाटेचा भोंगा झाला की पहिल्या पाळीची माणसं जिने दणाणवत उतरायची. मग नळाला पाणी यायचं, हंडे-कळश्यांची आदळआपट सुरू व्हायची, कुणाच्या तरी रेडिओवर भक्तिगीतं लागायची आणि या सगळ्यात आमच्या खोलीतला आईचा स्टो फरफरत असायचा. बाकीच्या खोल्यांतून चहाचा वास यायचा. कपभर गोड चहा, फार तर त्यात बुडवलेलं एखादं बटर, की मुलं दप्तर पाठीला लावून मोकळी. माझ्यापुढे मात्र ताट यायचं. नाचणीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, एक उकडलेलं अंडं आणि बिनसाखरेचं दूध. पुरतं उजाडायच्या आत. आई समोर पाट टाकून बसायची आणि मी शेवटचा घास गिळेपर्यंत उठायची नाही. "चाव नीट. नुसती गिळू नको. अजून एक घास. अंड्याचं पिवळं टाकायचं नाही, नंदा, मी बघत्येय." मी कधी रडायचे, कधी उसळ बोटानं ताटभर पसरून ठेवायचे, पण आई हलायची नाही. एरवी मऊ स्वभावाची बाई ती, त्या ताटापुढे मात्र फौजदार व्हायची.

त्याला कारण होतं. दहा वर्षांची होते तेव्हा मला तहान लागायला लागली. माठच्या माठ रिकामे करायचे तरी तोंड कोरडंच. एवढी घोडी झाले तरी अंथरूण ओलं व्हायला लागलं, फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागला, आणि एके दुपारी बाबा मला उचलून परळच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात घेऊन गेले तेव्हा मला मान धरवत नव्हती. पंधरवडाभर मी तिथे होते. घरी आले ती एक काचेची सिरिंज, दोन सुया आणि एक चिमुकली बाटली घेऊन. मधुमेह म्हातारपणी होतो एवढंच आमच्याकडे सगळ्यांना माहीत होतं. दहा वर्षांच्या पोरीला तो झालाय आणि आता जन्मभर रोज सुई टोचून घ्यायची आहे, हे ऐकून माझे बाबा हॉस्पिटलच्या पायरीवर बसले ते किती तरी वेळ उठलेच नाहीत. गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवणारा, आवाज मोठा, हात मोठे असा तो माणूस. त्यांना तसं बसलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तिथल्या डॉक्टरांनी आईला दोन गोष्टी घोटून घोटून सांगितल्या होत्या. सुई टोचली की अर्ध्या तासाच्या आत पोरीनं खाल्लंच पाहिजे, काही झालं तरी. आणि पोरगी घामाघूम झाली, बरळायला लागली, तर मागचा पुढचा विचार न करता तोंडात साखर घालायची. आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती संध्याकाळी भाकऱ्या थापता थापता ते बाबांना म्हणून दाखवायची, बाबा पुन्हा तिच्याकडून म्हणून घ्यायचे. पाढे पाठ करावेत तसं.

आज माझ्या दंडावर रुपयाएवढं एक बटण चिकटवलेलं असतं आणि रक्तातली साखर फोनवर दिसते. साखर उतरायला लागली की फोन केकाटतो. माझा नातू म्हणतो, "आजी, तुझा अलार्म वाजला, खा काहीतरी." त्याला मी सांगते की आमच्या वेळी मोरीत पडदा ओढून, परीक्षानळीत निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून ती स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचे. निळंच राहिलं तर उत्तम, हिरवं झालं तर बरं, विटेसारखं लाल झालं तर आईचा चेहरा उतरायचा. नातू म्हणतो, "शी, आजी!" आणि स्वतः मात्र दुधाचा पेला तसाच ठेवून स्कूलबस गाठायला पळतो. त्याच्या आईला मी काही बोलत नाही. पण तो लिफ्टमध्ये शिरेपर्यंत माझा जीव घशाशी येतो, तो का येतो ते आज इथे लिहून ठेवत्ये.

हे सगळं आमच्या घरात लपूनछपून चालायचं. बाबांनी हॉस्पिटलातून येतानाच आईला बजावलं होतं, "कुणाला कळता कामा नये. मुलगी आहे. उद्या उजवायची आहे. एकदा का चाळीत कळलं की गावापर्यंत जाईल." त्यामुळे पहाटे सिरिंज उकळायची ती दार लावून. इन्सुलिनची बाटली डब्यात घालून माठाच्या मागे ओल्या फडक्यात. स्पिरिटचा वास आला तर बाबांचा गुडघा दुखतो म्हणून चोळतो, असं सांगायचं. आणि मला सक्त ताकीद, शाळेत बाईंना नाही, मैत्रिणीला नाही, कुणाला म्हणजे कुणाला नाही. मैत्रीण म्हणजे शैला. ती आमच्या शेजारच्याच खोलीत राहायची. मधली भिंत म्हणजे फळ्यांचं पार्टिशन. शैलाचे वडील गिरणीत बदली कामगार, काम मिळालं तर मिळालं. तिची आई पारूमावशी एका खानावळीत पोळ्या लाटायला भोंग्याच्या आधीच जायची, ती दुपारी यायची. शैला आणि मी एका वर्गात, एका बाकावर. मी तिला काहीही सांगायचे, एवढं एक सोडून.

आमच्या दुसऱ्या बाजूला दाजी आणि माई. मालवणकडचे. दाजींना गिरणीतून निवृत्त होऊन काळ लोटला होता. ते दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मुलाला काही ना काही विचारायचे. मजल्यावरच्या भांडणांत शेवटचा शब्द त्यांचा. बाबासुद्धा त्यांच्यापुढे विडी लपवायचे.

मी सातवीत असतानाची ही सकाळ. आईनं नेहमीसारखी दार लावून सुई टोचली, कापसानं मांडी दाबली आणि परात पुढे ओढून नाचणीचं पीठ मळायला घेतलं. तवा तापला होता. तेवढ्यात पलीकडून माईंची किंकाळी आली. तशी किंकाळी मी आयुष्यात पुन्हा ऐकली नाही. आई पिठाच्या हातांनीच धावली, मी तिच्या मागे. दाजी खाटेवर उताणे, तोंड उघडं. रात्री मला "गणित झाला काय गो?" म्हणून विचारणारे दाजी. माई त्यांच्या छातीवर डोकं आपटत होत्या. बघता बघता मजला भरला. कुणी तरी म्हणालं, "स्टो बंद करा गं सगळ्यांनी," आणि एकामागून एक खोल्यांतले स्टो बंद होत गेले. मयत उचलेपर्यंत मजल्यावर चूल पेटवायची नाही, अन्न शिजवायचं नाही, ही रीत. ती कुणी कुणाला शिकवावी लागत नसे. आमचाही स्टो सूं करून विझला. तो कुणी विझवला, मला आठवत नाही.

आईनं माझ्याकडे पाहिलं. सुई टोचून झाली होती. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मला त्या वयात कळलं नव्हतं, आता कळतं. दाजींना बाहेर आणून नेमकं आमच्या दारासमोर गॅलरीत ठेवलं, तिथेच रुंद जागा होती. आमच्या खोलीत बायका येऊन बसल्या. माईंनी आईचा हात घट्ट धरून ठेवला होता, तो सुटेना. बाबा पहिल्या पाळीला गेलेले. दारात प्रेत, घरात बायका, आणि त्यांच्यादेखत पोरीला जेवायला वाढायचं? कारण विचारलं तर काय सांगायचं? आईनं कसाबसा हात सोडवून घेतला, मोरीच्या कोपऱ्यात गेली, रात्रीची उरलेली एक चपाती कागदात गुंडाळून माझ्या दप्तरात कोंबली आणि कानात म्हणाली, "शाळेत जा. जिन्यातच खा. सगळी खा. कळलं?" मग तिला कुणी तरी हाक मारली.

जिन्यात माणसंच माणसं. बांबू घेऊन चढणारे, नातेवाईक, खालच्या मजल्यावरचे. जो तो मला कुरवाळत होता, कारण दाजींचा माझ्यावर जीव आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. रस्त्यावर शैला बरोबर होती. ती रडत होती, मीही रडत होते. मी दप्तरात हात घालून चपातीचा एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. तो घशाखाली जाईना. दाजींचं उघडं तोंड डोळ्यांपुढून हलत नव्हतं. शेवटी तो तुकडा मी रुमालात थुंकला. शाळेत पोचल्यावर खाऊ, असं मनाशी म्हटलं.

शाळेत पोचलो तेव्हा प्रार्थना सुरू झाली होती. मग थेट कवायत. डोक्यावर हात, खाली हात, जागच्या जागी पळा. वर्गात येऊन बसले तेव्हा गुडघे लटपटत होते आणि पाठीवरून घाम वाहत होता. मी बाकाखाली कागद सोडला. सामंतबाई आमच्या वर्गशिक्षिका. बाई वाईट नव्हत्या, पण शिस्तीच्या. त्यांनी कागदाचा आवाज ऐकला, येऊन चपाती काढून घेतली आणि टेबलावर ठेवली. "मधल्या सुट्टीत. हा वर्ग आहे, हॉटेल नाही." सगळ्या हसल्या. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, बाई, मला आता खावं लागतं. वाक्य जिभेवर होतं. पण कुणाला म्हणजे कुणाला नाही, हे तीन वर्षं कानात भरलेलं होतं. टेबलावरच्या त्या कागदाकडे बघत राहिले. मग टेबल हळूहळू लांब जायला लागलं.

यापुढचं मला आठवत नाही. मी जे लिहित्येय ते शैलानं सांगितलेलं आहे, आणि तिनं ते इतक्यांदा सांगितलं आहे की आता ते मला दिसतं. मी म्हणे हसायला लागले. मोठमोठ्यानं. बाईंनी विचारलं, "काय झालं हसायला?" तर मी उठून उभी राहिले आणि गिरणीच्या गेटावर भांडणारे पुरुष देतात तसली एक शिवी त्यांना दिली. अख्खा वर्ग थिजला. मुलींच्या शाळेत, सातवीच्या वर्गात, कधीही वर मान करून न बोलणाऱ्या नंदानं. सामंतबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी माझा दंड धरून मला बाहेर व्हरांड्यात उभं केलं आणि दार ओढून घेतलं. दाराबाहेर धप्प आवाज झाला तो थोड्या वेळानं. शैला म्हणते, तो आवाज ऐकताच तिला कळलं.

दार उघडलं तर मी फरशीवर. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली, हातपाय झटके देत होते. शेजारच्या वर्गांतून मुली धावल्या, बाई धावल्या. फीट आली म्हणून कुणी तरी पायातली चप्पल काढून माझ्या नाकाशी धरली. कुणी म्हणालं, कांदा आणा. शाळेतली एक मावशी म्हणाली, "हिच्या शेजारी मयत झालंय सकाळी, बाई, हिला झपाटलंय. त्या शिव्या हिच्या नव्हेत." ते ऐकून मुली किंचाळत मागे सरल्या. आणि त्या गर्दीतून शैला पुढे आली आणि ओरडली, "तिला साखर द्या! तिला डायबेटीस आहे! सकाळी सुई टोचलीय आणि ती जेवली नाहीये!"

सामंतबाईंना वाटलं, ही पण बरळतेय. "काय बोलतेस? एवढ्याशा मुलीला कसला डायबेटीस?" आणि मग, "असला तर साखर कशी द्यायची? माझ्या सासूबाईंना आहे. साखर म्हणजे विष त्यांना. मारायचंय का हिला?" बाईंचं चुकत होतं, पण त्या आपल्या परीनं मला वाचवतच होत्या. शैला रडायला लागली, पाय आपटायला लागली. "द्या हो बाई! जास्त झाल्यावर नाही द्यायची, कमी झाल्यावर द्यायची! घाम आला, बरळायला लागली, तर मागचा पुढचा विचार न करता तोंडात साखर घालायची!" शब्द न शब्द माझ्या आईचा. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, तोवर आल्या होत्या. त्यांनी शैलाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "आणा साखर." चहाच्या कपाटातून डबा आला. शैलानं ओल्या बोटांनी ती साखर माझ्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळली. मी तिचं बोट चावलं. तिनं ते काढलं नाही.

मला पहिलं आठवतं ते छत. आणि तोंडात इतकं गोड, की मला वाटलं मी काही तरी चोरून खाल्लंय आणि आता आई मारणार. मग टॅक्सी, मग हॉस्पिटलातला तोच वास, हाताला लावलेली सलाईनची बाटली. आई आली तेव्हा तिच्या अंगावर सकाळचंच लुगडं होतं आणि कोपरापर्यंत नाचणीचं पीठ वाळून गेलेलं. शाळेचा शिपाई चाळीत पोचला तेव्हा दाजींना उचलत होते. त्याच्या तोंडून माझं नाव ऐकून तिला वाटलं होतं, मीही गेले. ती माझ्या पायांचे तळवे धरून उभी राहिली. डॉक्टर तरुण होते, संतापले होते. "सुई टोचून उपाशी पाठवलीत? बाई, आणखी थोडा उशीर झाला असता तर मूल हाती लागलं नसतं. साखर कुणी दिली?"

कुणी तरी सांगितलं, वर्गातल्या मैत्रिणीनं. तिलाच माहीत होतं म्हणे.

आईनं मान वर केली. "शैलानं? तिला कसं माहीत?"

दोन दिवसांनी मला घरी आणलं. मी खाटेवर, आणि आई तडक शेजारी गेली. दार उघडं होतं, मला सगळं ऐकू येत होतं. पार्टिशनमधून किती ऐकू येतं हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. आईनं शैलाला विचारलं, "तुला कुणी सांगितलं गं? नंदानं?"

"नाही काकी." शैला घाबरली होती. "तुम्ही रोज काकांना म्हणून दाखवता ना. ऐकू येतं."

मग पारूमावशीचा आवाज. "वहिनी, लहान तोंडी मोठा घास घेतला पोरीनं, पण आम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे. मजल्यावर सगळ्यांनाच ठाऊक आहे. तुम्ही सांगत नव्हता, मग आम्ही कसं विचारणार?"

मी उठून दारापर्यंत गेले. आई बाहेर गॅलरीत येऊन कठड्याला धरून उभी होती आणि एकेका दाराकडे बघत होती, जणू ती चाळ तिनं आधी पाहिलीच नव्हती. तिच्या तोंडून शब्द आला तो ओरडल्यासारखा. "ठाऊक होतं? सगळ्यांना? मग परवा सकाळी माझ्या खोलीत बसला होतात तुम्ही सगळ्या, तेव्हा का नाही कुणी म्हणालं, पोरीला खायला दे?"

तेव्हा माईंचं दार उघडलं. सुतकातली बाई, कपाळ मोकळं, डोळे सुजलेले. त्या उंबऱ्याच्या आतच थांबल्या. "ह्येंका म्हायत होता," त्या दाजींच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाल्या. "ह्येनीच आमका सगळ्यांका सांगलेल्यानी, तेंका सांगूचा नाय तर आपण इचारूचा नाय. तेंची लाज आपणच राखूची." मग त्यांचा आवाज फुटला. "पण तू माका तरी एक शब्द बोलाक होया होतंस गो. मी तुजो हात धरून बसलंय, आणि तुजा चेडू थंय मराक टेकला. मीच उठान तिका भाकरी भाजून दिली असतंय. ह्येंच्या उशाशी बसान."

आई खाली बसली. मजल्यावरच्या बायका आपापल्या दारात. सगळ्यांचं सगळं चांगल्यासाठीच होतं. आम्ही आमच्या भल्यासाठी लपवलं आणि त्यांनी आमच्या भल्यासाठी न कळल्यासारखं केलं, आणि या दोन्हींच्या मध्ये मी फरशीवर पाय झाडत पडले होते.

आठवड्यानं मी शाळेत गेले ती आईबरोबर. त्या सकाळी ती बाबांना एवढंच म्हणाली, "मी सांगून येणार आहे." बाबांनी माझं दप्तर जिन्याखालपर्यंत आणून दिलं. प्रार्थना संपल्यावर मोठ्या बाईंनी सगळ्या शाळेला बसवलं, आणि माझ्या आईनं, जी कधी चार माणसांत बोलली नव्हती, पदर खांद्यावर घट्ट ओढून सांगितलं की माझ्या नंदाला डायबेटीस आहे, तिला सकाळी खावं लागतं, ती वर्गात खायला लागली तर तिला खाऊ द्या. सामंतबाईंनी डोळे पुसले. मी जमिनीकडे बघत होते. आता संपलं, असं वाटलं. पण मोठ्या बाईंना काय सुचलं कोण जाणे, त्या पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मुलींनो, खरं सांगा. रागावणार नाही. आज सकाळी काहीही न खाता कोण आलंय? चहा म्हणजे खाणं नव्हे. हात वर करा."

कुणीच हात वर केला नाही. मग मागच्या रांगेत एक हात वर गेला. मग दोन. मग पाचवीतल्या चिमुरड्या मुली इकडेतिकडे बघत हात वर करायला लागल्या, आणि ते थांबेनात. माझ्या आजूबाजूला सगळीकडे हात. मोठ्या बाईंच्या हातातली छडी खाली पडली, ती त्यांनी उचललीसुद्धा नाही. कवायतीला चक्कर येणाऱ्या मुली, दुसऱ्या तासाला डुलक्या काढणाऱ्या, ज्यांना रोज आळशी म्हणून बोलणी बसायची त्या सगळ्या. मी मान वळवली. माझ्या शेजारी, खांद्याला खांदा लावून बसलेल्या शैलाचा हात वर होता. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मला मारल्यासारखं झालं. पारूमावशी पहाटे जायची, अनोळखी माणसांसाठी पोळ्यांचे ढीग लाटायची, आणि शैला भावंडांना चहा करून द्यायची, उरलेला स्वतः प्यायची आणि शाळेत यायची. रोज. पार्टिशनच्या पलीकडे बसून माझी आई मला विनवत्येय ते ऐकत, अजून एक घास खा, पिवळं टाकू नको, आणि मी त्या उसळीवर रडत्येय तेही. मला वाचवलं त्या सकाळीही तिच्या पोटात काही नव्हतं.

आईनंही तो हात पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी सुई टोचून झाल्यावर तिनं स्टोवर तवा टाकला, खोलीचं दार सताड उघडलं आणि शैलाला हाक मारली. शैला दारात आली, दप्तर पाठीवर. "बस," आई म्हणाली.

"मी खाल्लंय काकी."

"काय खाल्लंस?"

शैला दप्तराचा पट्टा ओढत राहिली.

"बस खाली."

ती बसली. आईनं माझ्यासमोर ताट ठेवलं, तिच्यासमोर ताट ठेवलं. तीच भाकरी, तीच उसळ, तसंच अंडं. त्या सकाळी मी माझी उसळ बोटानं पसरली नाही. शैलानं भाकरीचा तुकडा मोडला, उसळीत बुडवला, तोंडापर्यंत नेला आणि थांबली. गॅलरीतून माणसं जात-येत होती, आणि आमचं दार उघडं होतं.

"काकी," ती अगदी हळू म्हणाली, "मी इथे खाल्लं ते कुणाला सांगू नका हं. आई रागावेल."

आई तव्यावरची भाकरी उलटत होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"सांगणार," ती म्हणाली. "तुझ्या आईला सांगणार, माईंना सांगणार, सगळ्या मजल्याला सांगणार. आधी खा तू."